भेव आणि देव

सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली झाकून इथे आलेल्या मायबाप हो,

येताना रस्त्याने आभाळाकडे पाहत उभी असलेली माणसं दिसली. आश्विनात आभाळाकडे दोघंच असं पाहतात: एक कवी, आणि दुसरा ज्याचं सोयाबीन कापून वावरात पडलं आहे तो. नांदगावात कवी किती, हे मला माहीत नाही. (हशा)

विषय दिला आहे, संकटात देवाकडे वळणं. शहाणी माणसं या वळण्याला हसतात. एरवी खंडेश्वराची पायरी चढायचा नाही, आणि पराटीवर बोंडअळी पडली की निघाला नारळ घेऊन! मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पोर दिवसभर गल्लीत हुंदडतं, तेव्हा त्याला माय आठवत नाही. कुत्रं मागे लागलं की ते घराकडेच पळतं. सकाळपासून कुठे होतास, असं त्या वेळी कोणती माय विचारते? पोर घरी आलं, हे बरंच झालं. घरी येऊन ते काय मागतं, एवढंच पाहायचं.

आपण बहुतेक वेळा सौदा मागतो. एवढा भाव मिळू दे, सत्यनारायण घालतो. नवस हा आपल्याकडचा सर्वांत जुना वायदेबाजार आहे. गाडगेबाबा जन्मभर या सौद्यावर तुटून पडले. दापुऱ्याला मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली होती. भेव म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. तरी बकरं कापल्याने संकट टळतं, हे त्यांनी मानलं नाही.

सौदा न करता परतणं कसं असतं, हे पाहायला पंढरपूर गाठायची गरज नाही. लोणी टाकळी आपल्याच तालुक्यात आहे. 6 जुलै 1881 रोजी गुलाबराव महाराजांचा जन्म तिथे झाला. घराणं माधानच्या मोहोडांचं, कुणब्याचं. नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांचं दुखणं आलं आणि दृष्टी गेली. चौथ्या वर्षी आई गेली. पुढे लोणी टाकळीला आजीने सांभाळलं. जरा थांबून त्या पोराचा विचार करा. आईचा चेहरा त्याला आठवण्यासारखा नव्हताच. होता तो आवाज, तोही गेला. अंधाराचं भेव डोळसांना असतं. या पोराला भेव असेल ते हाक मारल्यावर ओ न येण्याचं.

अशा माणसाने देवाकडे डोळे मागितले असते, तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी नातं धरलं. 1901 साली, विशीच्या उंबरठ्यावर, ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला अनुग्रह दिला असं त्यांनी सांगितलं, आणि ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. लग्न झालेला वऱ्हाडी कुणबी, आणि म्हणतो, मी ज्ञानोबांची लेक! कृष्णाला पती मानून मंगळसूत्रही घातलं. लोक काय बोलले असतील, ते नांदगावात सांगायची गरज नाही.

पण लेकच का? माझ्यापुरतं उत्तर मी शोधलं आहे. लेकाच्या आणि बापाच्या मध्ये सातबारा येतो. लेकीला माहेर असतं. ती दारात उभी राहिली की काय मागायला आलीस, असं कोणी विचारत नाही; आधी पाय धुवायला पाणी देतात. (कायद्याने आता लेकीचंही नाव सातबाऱ्यावर लागतं, ठाऊक आहे मला. मी 1901 ची गोष्ट सांगतो आहे.)

आणि माहेर मिळालं म्हणून हा माणूस कोपऱ्यात डोळे मिटून बसला नाही. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, दुसऱ्यांच्या हातून लिहवले. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांशीही वाद घातला. 1915 साली पुण्यात देह ठेवला, तेव्हा वय होतं अवघं 34 वर्षांचं, आणि मागे शंभरावर ग्रंथ होते. मला यातलं ‘दुसऱ्यांकडून’ महत्त्वाचं वाटतं. देवाशी एवढं घट्ट नातं, तरी पावलोपावली माणसं लागली.

आता आपल्या वावरात येऊ. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला जिल्हा होता. त्यावर आज बोलत नाही. कर्ज, भाव, ओलीत हे प्रश्न भजनाने सुटत नाहीत; सुटतात असं सांगणारा बुवा आला, तर त्याला वेशीवरूनच परत पाठवा. पण ज्या घरांतल्या कर्त्या माणसाने या प्रश्नांपायी स्वतःचा जीव दिला, तिथे बसायला गेलो की एक वाक्य हटकून कानावर यायचं: ‘कोणापाशी बोललेच नाही जी ते.’

तुकडोजी महाराजांना हे फार आधी उमगलं असावं. त्यांनी एकट्याने जपायची माळ दिली नाही; गावाने मिळून, रांगेत बसून करायची सामुदायिक प्रार्थना दिली. तिथे समोर मूर्ती नसते. एक रिकामं आसन असतं.

2017 च्या हिवाळ्यात, गुलाबी बोंडअळीने पराटी खाल्ली त्या वर्षी, आमच्या गावात प्रार्थना आटोपली आणि एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘काऊन रे, तो नाही आला आज?’ रोज तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याची जागा रिकामी होती. चौघं टॉर्च घेऊन त्याच्या घरी गेले. तो ओसरीवर अंधारात बसला होता. कोणी उपदेश केला नाही. बायकोने चहा मांडला. रात्री अकरापर्यंत बैलांच्या गोष्टी निघाल्या, विकलेल्या आणि मेलेल्या बैलांच्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो आला. उशिरा आला, आणि दारापाशीच बसला.