छातीला उशीचा आधार

भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात 'अमका बायपास करून आला' असे कोणी सांगितले, तर आज त्याचे फारसे नवल वाटत नाही. पण ही विद्या काही फार जुनी नव्हे. हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम तेवढ्यापुरते यंत्राकडे सोपवून हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी केली ती १९५३ साली. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपणाचे धाडस केले ते १९६८ साली. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे साध्या शेतकऱ्याच्या हृदयाचीही शस्त्रक्रिया होते आणि तो आपल्या घरी परत येतो.

घरी परत येतो, पण काम तिथे संपत नाही. शस्त्रक्रिया काही तासांत होते; छातीचे हाड सांधायला मात्र दोन-तीन महिने लागतात. ते दिवस रुग्णाने आणि घरच्यांनी कसे काढायचे, त्यातली एकच गोष्ट मी आज सांगणार आहे. ती म्हणजे श्वास घेताना आणि खोकताना छातीला आधार कसा द्यावा.

आधी आत काय झालेले असते ते पाहू. हृदयापर्यंत पोचण्यासाठी बहुधा छातीचे मधले उभे हाड कापून दोन्ही बाजू दूर करतात. काम झाले की ते दोन भाग पोलादी तारांनी घट्ट बांधतात. या तारा पुढे जन्मभर आतच राहतात, त्यांचा त्रास सहसा होत नाही. पण तार म्हणजे सांधा नव्हे. आपण स्लॅब टाकतो तेव्हा वरून तो दिसायला लगेच घट्ट दिसतो, तरी खालचे टेकू आपण त्याच दिवशी काढतो का? तसेच इथेही समजावे.

आता गंमत अशी की माणसाला खोकला येतो तेव्हा छातीत आतून जोराचा दाब तयार होतो आणि तो या ताज्या सांध्याला बाहेर ढकलतो. त्याने कळ येते. कळ आली की रुग्णाच्या मनात भीती बसते, 'टाके तुटतील, छाती उकलेल'. मग तो खोकला दाबून धरतो आणि वरचेवर, उथळ श्वास घेऊ लागतो. घरची माणसेही मायेपोटी म्हणतात, "आण्णा, खोकू नका, बोलू नका, निजून राहा." सगळे मायेने होते, पण नुकसान त्यातूनच होते.

कसे ते सांगतो. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेली असते, फुप्फुसे काही काळ नीट फुगलेली नसतात. त्यांच्या तळाकडचे बारीक फुगे मिटून जातात आणि आत कफ साचतो. खोल श्वास घेतला तरच ते फुगे पुन्हा उघडतात. खोकला काढला तरच कफ बाहेर येतो. तो आतच राहिला तर त्यात जंतू वाढतात, ताप येतो, न्यूमोनिया होतो. हृदय दुरुस्त झालेला माणूस फुप्फुसाच्या दुखण्याने पुन्हा रुग्णालयात जातो. तेव्हा श्वास खोल घ्यायचाच आहे आणि कफ काढायचाच आहे. फक्त छातीला आधार देऊन.

हा आधार घरातच आहे. एक जराशी घट्ट उशी घ्या. ती नसेल तर जाड टॉवेल किंवा चादर घडी घालून, गुंडाळून बांधा. त्यावर रोज स्वच्छ धुतलेले फडके घाला. रुग्णाने खाटेच्या कडेला किंवा खुर्चीवर ताठ बसावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत. उशी छातीच्या मधोमध, जखमेवरून, दोन्ही हातांनी कवटाळून धरावी. लहान लेकराला पोटाशी धरतो ना, तशी. कोपरे अंगाजवळ असावीत.

आता नाकाने सावकाश श्वास घ्या. पोट पुढे आले पाहिजे. उशी या वेळी नुसती टेकलेली असू द्या, दाबू नका. श्वास दोन-तीन अंक मोजेपर्यंत धरा आणि मग बशीतला चहा फुंकतो तसे ओठ करून हळू सोडा. असे तीन-चार श्वास झाले की उशी छातीशी घट्ट आवळा आणि दोनदा खोका. खोकणे जमत नसेल तर चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तोंड उघडून 'हाः' करतो, तसे जोराने करा. त्यानेही कफ वर सरकतो. मग विसावा घ्या. चक्कर आली तर थांबा. जागेपणी दर तासाला असे दहा खोल श्वास घ्यावेत, असे सर्वसाधारणपणे सांगतात. रुग्णालयातून तीन गोळ्यांचे फुंकणीसारखे यंत्र दिले असेल, तर त्यातून हवा आत ओढायची असते, बाहेर फुंकायची नसते, हे ध्यानात ठेवा. दुखणे कमी करणारी जी गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल, ती घेतल्यावर अर्ध्या तासाने हा व्यायाम केला तर तो सुसह्य होतो.

इथे एक इशारा. काही घरांत 'आधार' म्हणून उपरणे किंवा लुगडे छातीभोवती आवळून बांधतात. तसे करू नये. टेकू देणे निराळे आणि आवळणे निराळे. चारी बाजूंनी आवळले की बरगड्या फुगत नाहीत आणि श्वास अधिकच उथळ होतो. डॉक्टरांनी छातीचा पट्टा दिला असेल तर तो त्यांनी सांगितला तसाच, तितकाच वेळ वापरावा.

उशी खोकण्यापुरतीच नाही. शिंक आली, हसू आले, अंथरुणातून उठायचे झाले, तरी ती कवटाळावी. उठताना हातांवर भार देऊ नये आणि घरच्यांनी काखेत हात घालून ओढू नये. म्हणून रुग्णाला जमिनीवर न निजवता खाटेवर निजवावे. गाडीतून घरी येताना पट्टा आणि छाती यांच्यामध्ये हीच उशी ठेवावी. मोटारसायकल मात्र डॉक्टर सांगतील तोवर नको. आपल्या रस्त्यांचे गचके तुम्हाला ठाऊकच आहेत.

आपला तालुका मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरची दूरदूर जाते. पण फोडणीचा ठसका या रुग्णाला वैऱ्यासारखा. त्याची खाट चुलीपासून लांब ठेवा. मिरची वाळवणे, कांडणे, मक्याची मळणी यांच्या धुळीपासूनही त्याला दूर ठेवा. विडी-सिगारेट त्याने तर सोडावीच, भेटीला आलेल्यांनीही ती अंगणाबाहेर ठेवावी. पाण्याची घागर, खताची गोणी, नातवाला कडेवर घेणे, विहिरीचा दोर ओढणे, हे सारे दोन-तीन महिने बंद. चालणे मात्र रोज थोडे थोडे वाढवावे. राजूरच्या गणपतीला पायी जायचा नवस असेल, तर तो थोडा पुढे ढकला. गणपती काही रागावणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. जन्मतःच हृदयात दोष असलेली मुले आता शालेय आरोग्य तपासणीत सापडतात आणि शस्त्रक्रिया होऊन वर्गात परत येतात. अशा मुलाला काही आठवडे दप्तर उचलायला लावू नका, कवायतीत व ओढाओढीच्या खेळात घेऊ नका. त्याला खोकला आला तर घडी घातलेला टॉवेल छातीशी धरू द्या आणि बाकीच्या मुलांना त्याचे कारण समजावून सांगा, म्हणजे कोणी हसणार नाही. पालकसभेत हा प्रयोग उशी घेऊन करून दाखवलात, तर तो ऐकण्यापेक्षा लवकर ध्यानात राहील.

आणि घरच्या उपायांवर न थांबता डॉक्टर केव्हा गाठायचा, तेही ऐका. छातीच्या हाडात 'कट्-कट्' असे हलल्यासारखे वाटले, जखम लाल होऊन पू आला, ताप चढला, पाय सुजले, थुंकीत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धाप वाढत चालली किंवा छातीत निराळेच दुखू लागले, तर क्षणभरही वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करा. आपल्या शल्यविशारदांनी काही वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐका, कारण प्रत्येकाची शस्त्रक्रिया सारखी नसते.

तेव्हा श्रोते हो, तुमच्या घरी, शेजारी असा रुग्ण असेल तर त्याला 'खोकू नका' असे म्हणू नका. उशी हातात द्या, जवळ बसा आणि म्हणा, "धरा घट्ट, आता खोका."