कच्च्या कैद्याचे मत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१९७७ च्या मार्चमध्ये मुझफ्फरपूरच्या मतदारांनी जॉर्ज फर्नांडिस यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेवर पाठविले. बडोदा डायनामाइट खटल्यातील आरोपी म्हणून ते तेव्हा तुरुंगात होते. मतदारसंघात त्यांचे हातकड्यांतले छायाचित्र प्रचार करीत होते. समाजवादी कार्यकर्त्याला ही कथा पाठ असते. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. लाखोंची मते मिळविणाऱ्या त्या उमेदवाराला स्वतःचे मत देण्याची कायद्याने मुभा नव्हती!

हा अजब न्याय १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम ६२, पोटकलम ५ चा. शिक्षा भोगणारा असो वा 'अन्यथा' तुरुंगात असो, कैद्याला मतदान नाही. अपवाद केवळ प्रतिबंधक स्थानबद्धाचा. तो टपालाने मत देऊ शकतो. सारा अन्याय त्या 'अन्यथा' शब्दात दडलेला आहे. ज्याच्यावरील आरोप अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे, असा कच्चा कैदी त्या एका शब्दाने मतदारांच्या पंक्तीतून उठविला जातो. उलट, शिक्षा होऊनही अपिलात जामीन मिळविलेला इसम बहुधा खुशाल मत देतो. निकष अपराधाचा नव्हे, जामिनाच्या रकमेचा ठरतो.

२०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते आणि त्यांत दलित, आदिवासी व मुसलमान यांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाहून अधिक होते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहणारा मजूर यांतलाच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अनुकूलचंद्र प्रधान प्रकरणात हे कलम वैध ठरविले. मनुष्य स्वतःच्या वर्तनाने तुरुंगात जातो, शिवाय पोलीस व साधनसामग्री अपुरी पडेल, असे त्यामागचे युक्तिवाद होते. पण कच्च्या कैद्याचे वर्तन सिद्ध कोणी केले? आणि स्थानबद्धापर्यंत जी मतपत्रिका पोहोचते, ती शेजारच्या कोठडीत का पोहोचू नये? दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ सालीच कैद्यांची नावनोंदणी व मतदान यांची व्यवस्था करण्याचे आदेश दिले होते.

आपल्या संसदेची तत्परता मात्र वेगळ्या ठिकाणी दिसली. ज्याला मत देता येत नाही त्याला निवडणूकही लढविता येणार नाही, असा निकाल जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून उमेदवारीचा हक्क वाचविला. मताचा हक्क होता तिथेच राहिला. सोय उमेदवारांची झाली, मतदारांची नाही.

'अन्यथा' हा शब्द वगळणे ही एका ओळीची दुरुस्ती आहे. तिच्यासोबत एक दक्षता मात्र हवी. प्रत्येक कैद्याचे मत त्याच्या मूळ मतदारसंघातच मोजले जावे आणि मतपत्रिका भरताना तुरुंगाधिकारी तेथे नसावा. एरवी साऱ्या बराकीची मते एकगठ्ठा कोणाच्या तरी खिशात जातील.