मोह : उच्चार एक, कुळे दोन
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



'मोहाचा त्याग करा' असे प्रवचनात आपण नित्य ऐकतो. चैत्राच्या पहाटे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मात्र घरोघरची माणसे टोपल्या घेऊन मोह वेचीत असतात. हे दोन्ही मोह एकच काय?

नाही. आत्म्याला भुलविणारा मोह संस्कृत 'मुह्' धातूपासून आला. वृक्षाचे संस्कृत नाव 'मधूक'. त्याच्या मुळाशी मध आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील 'ध'चा 'ह' होतो. 'साधू'चे 'साहू' झालेले रूप आपण नवकार मंत्रात रोज उच्चारतो. त्याच नियमाने 'मधूक'चे 'महुअ' झाले. हिंदीत 'महुआ', मराठीत 'मोह'. हिंदीत दोन शब्द निराळे राहिले, मराठीत त्यांचा उच्चार एक झाला. सिरोंच्याकडील तेलुगू भाषकांचा 'इप्प' आणि गोंडीतील 'इरू' ही तर द्राविडी कुळातील नावे; त्यांत ना मध, ना भुलावण.

आपल्या कर्मग्रंथांत वेदनीय कर्माला मध लावलेल्या तलवारीची, तर मोहनीय कर्माला मद्याची उपमा दिली आहे. मोहफुलांपासून मद्य होते, म्हणून वृक्षही बदनाम झाला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठली. वृक्ष मात्र दोन्हीकडे तोच! त्याचे वाळविलेले फूल वनवासी कुटुंबांचे अन्न आहे, विक्रीचा आधार आहे आणि बियांचे तेलही निघते.

हे फूल कोणी तोडीत नाही. ते आपोआप गळते. परंतु वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. त्यात असंख्य जीव होरपळतात, कधी वणवाही पेटतो. झाडाखाली जाळी बांधली, तर फूलही स्वच्छ मिळते आणि आगही टळते. अशा जाळ्या पुरविण्याचे कार्य ट्रस्टने हाती घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

वस्तू आहे तशी न दिसणे, हे दर्शनमोहनीयाचे लक्षण. एका उपकारक वृक्षाला केवळ नावावरून दोषी मानणे, हाही त्याचाच लहानसा अंश नव्हे काय? अंतरीचा मोह क्षीण व्हावा, रानातला मोह बहरावा, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र!