गुण देण्याआधी वर्ग विचारा



या विमा परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मुंबईत आपले मनःपूर्वक स्वागत. विम्याला हे शहर नवे नाही. १८७४ साली ‘ओरिएंटल’ ही आयुर्विमा कंपनी इथेच सुरू झाली. १९५६ मध्ये २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून आयुर्विमा महामंडळ झाले, त्याचेही मुख्यालय इथेच. राहण्या-जेवण्यात काही उणे राहिले, तर खुशाल आम्हाला धरा.

आता विषयाकडे वळतो. विकसनशील देशांतल्या विमा कंपन्यांची कार्यक्षमता मोजताना अभ्यासक एकीकडे कर्मचारी, भांडवल, खर्च आणि दुसरीकडे व्यवसाय मांडून गुण देतात. शंभरपैकी शंभर मिळवणारी कंपनी कोणत्या वर्गात बसली होती, म्हणजे तिला कोणती साधने मिळाली होती, हे मात्र आधी विचारावे. हाताशी आहे त्याचा पुरेपूर वापर करणारी कंपनी कार्यक्षमच. पण साधनेच तोकडी असतील तर व्यवस्थापकाला बोल लावून काय होणार? आणि साधने म्हणजे नुसते संगणक नव्हेत. मृत्यूच्या नोंदी, हवामान केंद्रे, विमागणिती, खेड्यात पैसे पोचवायची सोय, हे सगळे त्यात आले. यातले बरेचसे कंपनीच्या हातात नसते.

उत्तर केनियातल्या मार्साबितचे पाहा. पशुपालक भटके. मेलेली जनावरे पाहायला सर्व्हेअर पाठवावा, तर हप्त्याहून त्याचाच खर्च जास्त. २०१० मध्ये तिथे उपग्रहावरून कुरणांची हिरवळ मोजून भरपाई ठरवणारा विमा आला. हिरवळ ठरावीक पातळीखाली गेली की पैसे. जनावर पाहायची गरजच नाही. तंत्रज्ञानाने एका उडीत केवढा खर्च वाचवला! पण उपग्रहाला हिरवे दिसले आणि गाय तरीही दगावली, तर मालकाच्या हाती काहीच पडत नाही. कंपनीचा ताळेबंद मात्र त्या वर्षी झकास दिसतो.

आपल्याकडेही पीकविम्यात गारपिटीचे नुकसान ७२ तासांत शेतकऱ्यानेच कळवायचे असते. त्यासाठी ॲप आहे; नेमकी तेव्हा गावात वीज आणि रेंज असेल तर ते चालते.

म्हणून निबंध वाचणाऱ्यांना स्वागताध्यक्षाची एकच विनंती. दर कर्मचाऱ्यामागे किती हप्ता गोळा झाला हे सांगाल, तेव्हा किती दावे नाकारले गेले आणि मंजूर झालेल्यांचे पैसे मिळायला किती दिवस लागले, तेही त्याच तक्त्यात द्या.