वेडाची शिरगणती



वेड हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एखादे भूत तरी उभे राहते, नाही तर एखादे घराणे. भुताचे भय नाथांच्या गावाने बाळगू नये. त्यांनी भारुडात भुतालाही परमार्थाच्या कामाला जुंपले आहे. परंतु ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ एवढे वाक्य सोयरीक मोडावयाला अजून पुरते. आमचे म्हणणे असे की, एका रोग्याकडे पाहून जे उमगत नाही ते हजार घरे मोजली असता पुष्कळदा उमगते.

पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडते, हगवण लागते आणि पुढे माणूस भ्रमिष्ट होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील वेड्यांच्या इस्पितळांत असे रोगी फार होते. कोणी म्हणे हा संसर्ग, कोणी म्हणे रक्तातला दोष. १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर तेथे गेले तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट दिसली. रोग होतो तो आत ठेवलेल्यांना; त्यांची उस्तवार करणाऱ्या नोकरांना होत नाही. संसर्गाने परिचारकाला बरे सोडले असते! फरक होता तो ताटात. रोग्यांना दूध, मांस, घेवडा मिळू लागताच रोग हटला. मग १९१६ पासून त्यांनी सिडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला जोडीला घेऊन कापडगिरण्यांच्या वस्त्यांत घरोघर पाहणी केली. मिळकत किती, स्वयंपाकघरात काय येते, आजारी कोण, हे सारे टिपले. मिळकत जो जो कमी, तो तो रोग अधिक. नायसिन हे त्यावरचे जीवनसत्त्व १९३७ साली हाती आले. उपाय मात्र मोजणीने आधीच दाखवून दिला होता.

ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देऊ नका. तेथे मका होता, आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारी. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांतील पेलाग्राकडे लक्ष वेधले. ज्वारीतील ल्यूसिन हे त्याचे कारण, हे त्यांचे मत पुढे वादाचे ठरले. भाकरीला दोष देण्याचे कारण नाहीच. भाकरीबरोबर डाळ-दूध नसणे, हा खरा मुद्दा.

सर्वच मनोविकार असे एका जीवनसत्त्वाने सुटणारे नाहीत, हे उघड आहे. पण मोजणीने काय कळते ते आपल्या विदर्भातही दिसले. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला; त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आरंभीच्या पाहणीत खिन्नतेचा विकार जडलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचलेले होते शेकडा ४.३! गावातल्याच कार्यकर्त्यांनी दीड वर्ष घरोघर जाऊन बोलणे केले, तेव्हा तो आकडा २७.२ झाला. तुलनेसाठी दुसरी खेडी घेतली नव्हती, म्हणून सगळे श्रेय उपक्रमाला देणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही शंभरांतले पंचाण्णव घरातच कुढत होते, हे मोजल्यावाचून कोणाला कळले असते?

प्रतिबंधाचेही तसेच आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके बंद केली आणि १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. मन बदलण्याआधी हाताशी असलेले विष दूर झाले. कापसाच्या मुलखाने हे ध्यानात घ्यावे.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ साली राष्ट्रीय पाहणी केली, तिच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढे कधी पाहणी करणारा आपल्या दारी आला, तर घरात माणसे किती या प्रश्नाला आपण आतल्या खोलीतले माणूस धरून उत्तर देणार की वगळून? त्याला विचारण्याजोगे येथे पुष्कळ आहे. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. ज्यांची गावे नाथसागराखाली गेली त्यांच्या नातवंडांच्या वस्त्या, कालव्याचे पाणी पोचलेली शिवारे आणि पाण्यावाचून राहिलेला पट्टा, या तिन्ही ठिकाणी तेच प्रश्न विचारले तर उत्तर एकच येईल की तीन वेगळी येतील, हे आम्हांला जाणून घ्यावयाचे आहे.