तक्रार लिपीची नव्हती



मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. संगणकातल्या बिघाडावर मी बोलणार म्हटल्यावर तुम्हाला नवल वाटेल. पण हा बिघाड माझ्या कवितांच्याच वाटेत आला आणि त्याचे खापर मी चांगले आठवडाभर बिचाऱ्या देवनागरीच्या डोक्यावर फोडत राहिलो.

झाले असे. तीस वर्षांच्या कविता एकत्र छापायचे ठरत होते. त्याआधी मला पाहायचे होते, कोणते शब्द मी पुन्हा पुन्हा वापरले, कोणते मध्येच सोडून दिले. घरात बोललेली दखनी आणि शाळेत शिकलेली मराठी, यांतली कोणती केव्हा वर आली? भाचीने शब्द मोजणारा एक लहानसा प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहून दिला. वर्षवार कोष्टक मांडायला त्यात पांडास नावाची लायब्ररी होती, आणि पांडासच्या पायाशी नमपाय. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार काम. इंटेलचा प्रोसेसर असलेल्या माझ्या जुन्या मॅकबुकवर हे सारे बिनबोभाट चालत होते. तो थकला, म्हणून नवा घेतला आणि जुन्यातले फोल्डर उचलून जसेच्या तसे नव्यात ठेवले. चूक इथेच झाली, आणि ती माझी.

नव्या यंत्रावर प्रोग्रॅम सुरू करताच पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग. ओळखीचा एक हुशार मुलगा मदतीला आला. त्याने लायब्ररी पुन्हा बसवायला सांगितली, तर उत्तर आले की ती आधीच आहे. मग आज्ञा टाइप करण्याची जी टर्मिनल नावाची खिडकी असते, तिच्या माहितीत त्याने ‘रोझेटा वापरून उघडा’ या चौकटीत खूण केली, जुनी लायब्ररी काढून नवी घातली. टर्मिनलमध्ये ती उघडली. मी जिथून प्रोग्रॅम चालवतो त्या एडिटरमध्ये मात्र तीच रडकथा. मुलगा म्हणाला, “काका, लायब्ररी ठीक आहे. दोष तुमच्या मजकुराचा असणार. कविता रोमन लिपीत टाइप करून बघा.”

मला ते लगेच पटले. माझ्या पिढीच्या मराठी लेखकाला का पटू नये? युनिकोड रुळण्यापूर्वी आपण घरी टाइप केलेला लेख दुसऱ्याच्या संगणकावर नुसत्या चिन्हांचा ढीग होऊन उघडायचा. काही बिघडले की लिपीवर संशय घ्यायची सवयच जडली. मी बसलो आणि अकरा कविता रोमनमध्ये उतरवल्या. ‘ळ’ला काय करावे, हे काही ठरेना.

शेवटी पुण्याला भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मामू, तक्रारीची शेवटची ओळ वाचून दाखवा.” मी वाचली. तिच्यात कंसात दोन शब्द होते: आहे ‘एक्स८६_६४’, हवे ‘आर्म६४’. आठवडाभर ते डोळ्यांसमोर होते आणि मी वाचले नव्हते.

ही दोन प्रोसेसरांच्या घराण्यांची नावे. पहिल्याचे मूळ इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ चिपमध्ये. दुसरे केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ मध्ये जन्मले. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आणून आपले मॅक पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळवायला सुरुवात केली. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेला मजकूर दोन्हीकडे चालतो, कारण पायथन तो वाचून त्या त्या यंत्राला समजावतो. नमपायमधली मोठी आकडेमोड मात्र मुख्यतः सी भाषेत लिहून आधीच एका घराण्याच्या आज्ञांत उतरवलेली असते. ती दुसऱ्याला कळत नाही. रोझेटा हा यातला दुभाषी. पण तो अख्खा प्रोग्रॅम भाषांतरित करतो, अर्धा नाही. पायथन नव्या बोलीतला आणि त्याच्या आतली लायब्ररी जुन्या बोलीतली, हे त्यालाही जमत नाही. (कवितेच्या अनुवादकांना ही अडचण नवी नाही.)

“आता टर्मिनलमधल्या पायथनला विचारा, तू कोणत्या मशीनवर आहेस,” भाची म्हणाली. प्लॅटफॉर्म.मशीन अशी ती आज्ञा आहे. उत्तर आले, एक्स८६_६४. “तेच एडिटरमध्ये विचारा.” आर्म६४. पलीकडून हसण्याचा आवाज आला. पायथन एकच, पण त्यात दोन्ही घराण्यांचे भाग भरलेले. रोझेटातून उघडलेल्या टर्मिनलने त्याचा जुना भाग चालवला, म्हणून लायब्ररीही जुनीच आली आणि तिथल्या तिथे उघडली. एडिटरने नवा भाग चालवला आणि ती नाकारली. मुलाचा उपाय चुकीचा नव्हता, अर्धा होता.

मग रोझेटाची खूण काढली, टर्मिनल पूर्ण बंद करून पुन्हा उघडले. लायब्रऱ्यांची नावे व आवृत्त्या एका फाइलीत लिहून घेतल्या. प्रोग्रॅमसाठी लायब्रऱ्या ठेवायची जी वेगळी खोली असते, जिला व्हेन्व्ह म्हणतात, ती मोडून नवी बांधली. जुनी उचलून आणायची नसते, हे मला तेव्हा कळले. उतरून येणाऱ्या फाइलीच्या नावाचे शेपूट तिने वाचायला लावले. शेवटी आर्म६४ किंवा युनिव्हर्सल२ असेल तर नव्या मॅकला चालते, ‘एनी’ असेल तर कुठेही. नमपाय आर्म६४साठी तयार मिळू लागली ती २०२१ च्या १.२१ आवृत्तीपासून. यादीतली माझी आवृत्ती त्याआधीची निघाली, म्हणून तो एक आकडा बदलावा लागला.

“आणि रोझेटाच्या भरवशावर राहू नका,” ती म्हणाली. ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकले आहे की मॅकओएस २७ नंतर हा दुभाषी काही जुन्या खेळांपुरताच उरेल.

रात्री साडेदहाला एडिटरमधून प्रोग्रॅम चालवला. देवनागरीतली प्रत्येक ओळ त्याने निमूट वाचली. ‘अब्बा’ हा शब्द पहिल्या दहा वर्षांत एकदाही नव्हता, सगळीकडे ‘वडील’ होते. मी रोमनमधल्या अकरा कविता पुसल्या आणि ते कोष्टक छापायला दिले.