बारावीनंतर कुणी सांगत नाही, विचारावं लागतं

(कोपर येथे बारावी उत्तीर्ण विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावी पास झालेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. आणि सुट्टीची दुपार मोडून मुलांसोबत आलेल्या अम्मी-अब्बांचंही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मुंबई विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. म्हणून आज करिअरच्या मोठ्या गोष्टी न सांगता पहिल्या सहा महिन्यांबद्दल बोलणार आहे. माझ्या पाहण्यात आपली बरीच मुलं तिथेच गळतात.

आज तुमच्यातले मुंब्रा-कळव्याचे खालच्या कोपरला उतरले आणि भिवंडीचे वरच्या. खाली स्लो लोकल चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते. वर वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्या, वेळ माहीत नसेल तर फलाटावर बसून राहावं लागतं. शाळा खालच्या फलाटासारखी असते. गृहपाठ राहिला तर बाई ओरडतात, फॉर्म भरायचा असेल तर शिपाई वर्गात नोटीस घेऊन येतो, गैरहजर राहिलात तर घरी फोन जातो. कॉलेजात यातलं काहीच होत नाही. नोटीस बोर्डावर किंवा वेबसाइटवर लागते. वाचली तर तुमची, नाही तर तारीख निघून जाते.

ज्यांच्या घरी मोठा भाऊ, मामा, आत्या शिकलेले असतात, त्यांना या तारखा जेवताना कळतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे सांगणारं कुणी नाही. यात अक्कल कमी असण्याचा प्रश्नच नाही, फक्त माहिती वारशाने मिळालेली नाही. ती विचारून मिळवावी लागते. आज तुम्हाला एवढंच सांगायचं आहे: विचारा, आणि वेळेवर विचारा.

आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की धावपळ करून दाखले मिळत नाहीत. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो. डोंबिवली-कोपरवाल्यांचं तहसील कल्याण, मुंब्र्याचं ठाणे, भिवंडीचं भिवंडी. अधिवासाचा दाखला काढून ठेवा. आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण घरी कुणी जातीचा दाखलाच काढलेला नसतो. तो काढा, सोबत नॉन क्रिमिलेअर आणि जात पडताळणी. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट बघत बसू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग आणि धर्माची नोंद बघून घ्या. मुंबईचं साबू सिद्दीक किंवा नवीन पनवेलचं काळसेकर अशा अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव असतात. तिथे ही नोंद कामाला येते.

पर्याय भरताना क्रम जपून लावा. पहिला पर्याय मिळाला की तोच घ्यावा लागतो. म्हणून मित्राने भरलं म्हणून भरू नका. कॉलेजचा रोजचा प्रवास एकदा करून बघा, सकाळच्या गर्दीच्या वेळेला.

दुसरी गोष्ट पैशांची. फीचा आकडा ऐकून घरात शांतता पसरते आणि मुलगा म्हणतो, ‘जाऊ दे, कामाला लागतो.’ थांबा. महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे, ओबीसींसाठी वेगळी. कोणती लागू होते ते कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर विचारा. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाही तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

मुलींच्या पालकांनो, नीट ऐका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं आहे. प्रवेश मात्र कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. ‘मुलाचं आधी, मुलीचं बघू’ असं म्हणताना निदान पैशाचं कारण पुढे करू नका. प्रवासाची काळजी असेल तर पहिले आठ दिवस सोबत जा. नंतर तीच तुम्हाला लोकलच्या वेळा सांगेल.

तिसरी गोष्ट भाषेची. तुमच्यातले काही मराठी माध्यमाचे, काही उर्दू माध्यमाचे. पहिल्या लेक्चरला सर इंग्रजीत सुरू होतात आणि वाटतं, आपल्याला विषयच कळत नाही. बहुतेक वेळा विषय कळतो, शब्द अडतो. वहीच्या मागे रोजचे अडलेले शब्द लिहा आणि पुढे आपल्या भाषेत अर्थ. लेक्चर संपल्यावर सरांना हिंदीत किंवा मराठीत विचारा. चांगला शिक्षक प्रश्नाची भाषा बघत नाही. एआयसीटीईने २०२१ पासून भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली आहे, आणि त्यांच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठी पुस्तकं फुकट मिळतात. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स आहेत, तीही फुकट. मराठीतून समजून घ्या, इंग्रजीत उत्तर लिहायचा सराव करा. दोन्ही लागतं.

चौथी गोष्ट केटीची. याबद्दल आपण कधी उघड बोलत नाही. प्रवेश लांबले की पहिलं सत्र आखूड होतं. बारावीत वर्षभर क्लासने हात धरून नेलेलं असतं. इथे मॅथ्स, मेकॅनिक्स, ड्रॉइंग एकदम अंगावर येतात. केटी लागते. लागू नये म्हणून अभ्यास कराच, पण लागली तर दुनिया संपत नाही. केटीचा अर्थच असा की विषय राहिला तरी पुढे शिकायची परवानगी आहे.

माझ्या बॅचला एक मुलगा होता. माझ्यापेक्षा हुशार. पहिल्या सत्रात तीन केट्या लागल्या. घरी सांगितलं नाही, मित्रांना सांगितलं नाही. अब्बांनी कर्ज काढून फी भरली होती, तोंड कसं दाखवायचं? तो कॉलेजच्या वेळेला घरातून निघायचा आणि स्टेशनवर बसायचा. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख गेली. आमच्या वेळी पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नसायचा. त्याचं वर्ष गेलं, मग शिक्षणच सुटलं. तीन विषयांनी त्याला बाहेर काढलं नाही. लपवण्याने काढलं.

म्हणून पालकांना हात जोडून सांगतो. पोराने नापास झाल्याचं घरी येऊन सांगितलं, तर त्या दिवशी ओरडू नका. त्याने खरं सांगितलं म्हणून त्याला बसवून जेवायला घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा, ‘आता फॉर्म कधी भरायचा?’

पाचवी गोष्ट माणसांची. कॉलेजात पहिल्यांदा वेगवेगळ्या घरांतली मुलं एका बाकावर येतात. फक्त आपल्या मोहल्ल्याच्या मुलांचा घोळका करून राहू नका आणि स्वतःचं नाव लपवूनही राहू नका. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये, कॉलेजच्या फेस्टमध्ये, एनएसएसमध्ये जा. नावावरून टोमणा मारणारा एखादा भेटेल, भेदभाव नाहीच असं मी म्हणणार नाही. पण रात्री जर्नल पूर्ण करायला स्वतःची फाईल देणारेही तिथेच भेटतात. नोकरीची पहिली खबर पुढे अशाच मित्रांकडून मिळते. मलाही तशीच मिळाली.

आता एक आकडा. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम ४.८७ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के होता. या दरीला गरिबी, सरकारी धोरण, शाळांची अवस्था अशी बरीच कारणं आहेत आणि त्यासाठी भांडत राहावंच लागेल. पण प्रवेश मिळालेल्या मुलाने माहितीअभावी सीट सोडणं, ही गळती आपण या हॉलमध्ये बसलेले लोकही थांबवू शकतो.

एक काम देतो. चहा घेताना तुमच्याच स्टेशनचा, वेगळ्या कॉलेजात जाणारा एक जण शोधा आणि नंबर घ्या. दर रविवारी एकमेकांना दोनच प्रश्न विचारा: या आठवड्यात कोणती तारीख आहे, आणि कुठे अडलंय? पुढच्या वर्षी तुमच्या गल्लीतलं कुणीतरी बारावी होईल. त्याने येऊन विचारायची वाट बघू नका. तुम्ही जाऊन सांगा.

आता तुमचे प्रश्न. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ दे.